थंडीतली पहिली रेस

डिसेंबर-जानेवारीत यवतमाळात पहाटेचा पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरतो. अशा सकाळी सेल्फ मारला की रात्रभर दवात उभी असलेली गाडी घुर्रकन उठते. पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही काटा बाराशे-पंधराशेवर जातो, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकतं. मिनिट-दोन मिनिटांत रेस उतरते आणि गाडी सातशे-आठशेवर शांत होते. ‘इंजिनचं काम निघालं काय?’ असं विचारणारे दर हिवाळ्यात भेटतात. बहुतेकांच्या इंजिनाला काहीही झालेलं नसतं.

रेस आपोआप का चढते

पेट्रोल जळतं ते वाफेच्या रूपात. थंड इंजिनात फवारलेल्या पेट्रोलची पुरती वाफ होत नाही. काही थेंब सिलिंडरच्या गार भिंतींना चिकटून राहतात. ही तूट भरून काढायला गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो, हवाही वाढवतो. त्यात इंजिन ऑइल थंडीत दाट झालेलं असतं, त्यामुळे सगळे भाग जड फिरतात. नेहमीच्या आठशेवर ठेवलं तर इंजिन धडधडून बंद पडेल.

आणखी एक कारण फारसं कोणी सांगत नाही. सायलेन्सरच्या लाइनीत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून ईसीएम ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पाडतो आणि रेस चढती ठेवतो. त्यामुळे जळण्याची बरीचशी उष्णता सायलेन्सरकडे जाते, आवाज घोगरा येतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर धुराचे नियम कडक झाले. म्हणूनच कोरी गाडी घेतलेला माणूसही पहिल्या थंडीत दचकतो.

जुन्या गाड्यांत हे काम हाताने व्हायचं. ॲम्बेसेडर, पद्मिनी, 1983 मध्ये आलेली पहिली मारुती 800, सगळ्यांना चोकची खुंटी होती. ओढायची, सेल्फ मारायचा आणि गाडी तापली की आठवणीने आत ढकलायची. विसरलं की काळा धूर, पेट्रोलचा वास आणि ओले प्लग. आता ती आठवण ईसीएमच ठेवतो. कूलंटमधला तापमानाचा सेन्सर त्याला इंजिन किती तापलं ते कळवतो.

डिझेलची खडखड

डिझेलला ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. सिलिंडर थंड असला की ते जरा उशिरा पेटतं, आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं; ती खडखड तिथली. म्हणून चावी फिरवल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं. मिस्त्री ज्याला ‘हीटर’ म्हणतात ते ग्लो प्लग तेवढ्यात तापतात. एखादा हीटर मेला असेल तर सकाळी पांढरा धूर निघतो आणि गाडी मिस मारते.

कापूस वाहणाऱ्या जुन्या पिकअप आणि जीपमध्ये आणखी एक फसवा आवाज असतो: विमान उडाल्यासारखी घरघर. तो बहुधा रेडिएटरच्या पंख्याचा. त्याच्या क्लचमधलं दाट तेल रात्रभरात एका बाजूला साचतं, म्हणून पहिलं मिनिटभर पंखा इंजिनाबरोबर पूर्ण वेगाने फिरतो. हा आवाज आपोआप जातो.

कोणत्या आवाजाला दाद द्यायची

काही सेकंदांची टकटक टॅपेटची. ऑइल वर चढलं की थांबते. ऑइल बदलायचं राहिलं असेल किंवा गाडीच्या पुस्तकात सांगितल्यापेक्षा दाट घातलं असेल तर ती लांबते. किंचाळी आली तर बेल्ट बघा. थंडीत फटफट आणि तापल्यावर गप्प, म्हणजे एक्झॉस्टच्या सांध्याला गळती असू शकते. लोखंड तापून फुगलं की ती फट मिटते. रोज सुरुवातीला साखळी घासल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र पुढे ढकलू नका, टायमिंग चेन ढिली असू शकते. आणि ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर लगेच गाडी बंद करा.

रेस उतरतच नसेल तर

इथे थर्मोस्टॅटचा विषय निघतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, गाडी उकळते, आणि कोणीतरी सल्ला देतं: ‘व्हॉल्व काढून टाका, कटकट मिटेल.’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट इंजिन साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर येईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की हिवाळ्यात इंजिन पुरतं तापतच नाही, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि रेस रेंगाळते. मे महिन्यातला उपाय जानेवारीत असा आड येतो. उकळण्याचं खरं कारण बहुधा बुजलेला रेडिएटर, बंद पंखा किंवा कूलंटऐवजी भरलेलं विहिरीचं पाणी असतं.

बाकी कारणं: तापमानाचा बिघडलेला सेन्सर, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, किंवा व्हॅक्यूमचा चिरलेला रबरी पाइप. घरात कापूस भरलेला असतो त्या दिवसांत उंदरांनी पाइप कुरतडल्याचीही उदाहरणं आहेत. बारीक सूं-सूं ऐकू आली तर आधी तिकडे बघा.

गाडी कशी तापवायची

सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा आणि निघा. उभ्या गाडीपेक्षा हळू चालणारी गाडी लवकर तापते. पहिले तीन-चार किलोमीटर रेस दोन-अडीच हजारांच्या आत ठेवा. ‘गळा साफ करायला’ उभ्या उभ्या रेस मारू नका. त्या वेळी ऑइल सगळीकडे नीट पोचलेलं नसतं आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. शटर बंद असलेल्या गॅरेजात तर इंजिन अजिबात चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

मिस्त्रीकडे जाताना

अडचण अशी की गॅरेजला पोचेपर्यंत गाडी तापते आणि आवाज गायब होतो. मग मिस्त्री म्हणतो, ‘गाडी तर ओके आहे.’ त्यापेक्षा सकाळी बॉनेट उघडून, मीटरचा काटा दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर संध्याकाळीच गाडी गॅरेजला लावून या आणि सकाळचा पहिला सेल्फ मिस्त्रीलाच मारू द्या.