धरणाच्या पायथ्याशी मासा का थांबतो?

रावेर तालुक्यात पाऊस नीट लागला की सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाचा सांडवा वाहू लागतो आणि शेजारच्या भुसावळ तालुक्यात तापीवरच्या हतनूरचे दरवाजे उचलले जातात. लोक पाणी पाहायला जातात. गळ टाकणारे मात्र पाणी ओसरण्याची वाट पाहतात, कारण धरणाच्या खालच्या अंगाला मासा जमतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वर एवढा मोठा जलाशय असताना मासा खालीच का थांबतो, कोणता थांबतो आणि तो गळाला कसा लागतो, हे समजून घ्यायचे तर सुरुवात पाण्याच्या तापमानापासून करावी लागते.

थंडी येते कुठून?

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात व्हाइट नदीवर बुल शोल्स हे धरण १९५१ साली पूर्ण झाले. त्याची उंची ७५ मीटरच्या वर आहे. तिकडे उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर जातो, तरी धरणाखालच्या नदीत पाय घातला तर गारठून जातो. याचे कारण धरणाच्या खोलीत आहे. उन्हाने वरचे पाणी तापते, तापलेले पाणी हलके होते आणि वरच राहते. थंड पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते. खोल जलाशयात हे दोन थर उन्हाळाभर एकमेकांत मिसळत नाहीत. वीज तयार करण्यासाठी पाणी खोलवरून घेतले जाते. पिंपाला तोटी खाली बसवली की तळाचेच पाणी आधी मिळते, तसेच हे. वरचे तापलेले पाणी जागेवर राहते आणि नदीत सोडले जाते ते हिवाळ्यात गार झालेले पाणी.

ट्राउट या माशाला असेच पाणी लागते. साधारण १० ते १८ अंशांत तो खातो-पितो, वाढतो. २० अंशांपुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. यात प्राणवायूचाही हिशेब आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटची गरज मोठी, म्हणून त्याला थंड आणि खळाळते पाणी हवे.

आर्कान्सात ट्राउट मुळचा नव्हता. धरणाचे थंड पाणी सुटू लागले तसे कोमट पाण्यातले स्थानिक मासे त्या टापूतून हटले आणि त्यांच्या जागी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला ट्राउट सोडण्यात आला. तो तिथे इतका मानवला की जवळच्या लिटल रेड नदीत, तीही धरणाखालचीच, १९९२ साली १८ किलोंहून जड तपकिरी ट्राउट गळाला लागला आणि पुढे बरीच वर्षे तो जागतिक विक्रम राहिला.

हतनूरखाली ट्राउट का नाही?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूर ओलांडून रावेर तालुक्यात शिरते आणि चांगदेवला पूर्णेला भेटते. त्या संगमाच्या खाली हतनूर आहे. धरणाची उंची सुमारे २५ मीटर. जलाशय पसरट आहे आणि दोन्ही नद्यांनी आणलेल्या गाळाने तो आणखी उथळ होत चालला आहे. अशा पाण्यात वारा वरचे-खालचे ढवळून टाकतो आणि खोल थंड थर टिकत नाही.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. धरण थंडी तयार करत नाही, हिवाळ्याची थंडी फक्त राखून ठेवते. आर्कान्सात हिवाळ्यात जलाशय दहा अंशांखाली उतरतो. आपल्याकडे पौष-माघातही मोठ्या साठ्याचे पाणी विशीच्या खाली फारसे जात नाही. राखून ठेवायला थंडीच नाही, तर तळाची तोटी कितीही खोल असली तरी ट्राउटजोगे पाणी निघायचे नाही. म्हणून भारतात ट्राउट आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंच, गार जागी. काश्मीरमध्ये त्याची अंडी १९०० साली विलायतेहून आणली गेली. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. इथले धरणाखालचे पाणी रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगाळा आणि वाम यांचे आहे.

मग मासा जमतो कशाने?

तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे हवा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते थोडे उचलले तरी पाणी जोराने सुटते, खाली आपटते, पांढरे होते आणि हवा ओढून घेते. कोमट पाण्यात आधीच प्राणवायू कमी, त्यामुळे माशाला हा फेसाळता पट्टा हवाहवासा वाटतो. दुसरी गोष्ट म्हणजे खाणे. जलाशयातले किडे, झिंगे आणि लहान मासळी पाण्याबरोबर खाली फेकली जाते. कित्येकदा घुसमटलेली, भोवंडलेली ही मासळी मोठ्या माशाला आयती मिळते.

तिसरी गोष्ट म्हणजे अडथळा. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पहिल्या पुराचे गढूळ, वाहते पाणी अंगाला लागले की ते प्रवाहाविरुद्ध वर निघतात. हे चढणीचे मासे. वाटेत भिंत आली की तिथेच थबकतात आणि मागून येणारे त्यांच्यात भर घालतात. सुकीतून सातपुड्याच्या पायथ्याकडे चढणाऱ्या माशाची वाट गारबर्डीला अशीच संपते.

तोंड पाहून आमिष

गळ कुठे सोडायचा हे माशाचे तोंड सांगते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, मिशा नसतात. तो वरच्या थरात खातो, म्हणून तरंगत्या तुकड्याखाली हातभर दोरीवर कणकेचा गोळा लावावा. रोहू मधल्या थरातला. त्याचा ओठ झालरीसारखा असतो आणि दगडावरचे शेवाळ तो खरवडून खातो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, त्याच्यासाठी गोळा तळाला टेकला पाहिजे. शिंगाळ्याला लांब मिशा असतात. गढूळ पाण्यात आणि रात्री तो त्यांनीच चाचपत फिरतो, म्हणून शिसे लावून गांडूळ तळाशी सोडावे. वामही तळाचीच, दगडांच्या सापटीत राहणारी. मरळ हवेतूनही श्वास घेते. तिला फेसाळत्या पाण्याची गरज नाही, ती काठच्या गवतातल्या संथ पाण्यात दबा धरून असते आणि जिवंत आमिषावर झेपावते.

जागा निवडताना पाण्याची धार पाहावी. भर धारेत मासा उभा राहत नाही, तिथे त्याची ताकद वाया जाते. मोठ्या दगडामागे पाणी उलटे फिरते तिथे, किंवा धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर तो थांबतो. उभे राहायला संथ जागा आणि वीतभर अंतरावरून वाहत जाणारे खाणे, असे दोन्ही त्याला तिथे मिळते. गळ सीमेच्या वरच्या अंगाला टाकावा आणि दोरी ताणून न धरता आमिष प्रवाहाबरोबर येऊ द्यावे. ओढले जाणारे आमिष मासा ओळखतो. उत्तम वेळ म्हणजे विसर्ग कमी झाल्यानंतर, पाणी गढुळाचे निवळ होत असताना.

पाणी वाढल्याची खूण

धरणाखालची नदी पाऊस नसतानाही वाढते. वर मध्य प्रदेशात किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की हतनूरला कोरडे ऊन असतानाही दरवाजे उचलावे लागतात. म्हणून विसर्गाची सूचना पाहिल्याशिवाय पात्रात उतरू नये. बसल्यावर काठावरचा एक कोरडा दगड हेरून ठेवावा. तो भिजला, निवळ पाणी अचानक गढुळले किंवा काड्या-पाने वाहत येऊ लागली, तर गळ तिथेच टाकून काठ चढावा. नदीतल्या बेटावर किंवा उंच खडकावर बसूच नये, कारण पाणी आधी त्याच्या मागून फिरते आणि परतीची वाट बंद करते. दरवाज्यांलगतचा भाग तर पूर्ण वर्ज्य समजावा. मासेमारीचा हक्क बहुतेक जलाशयांवर ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी परवानगी विचारावी.

चढणीचा मासा सोडा

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. कायद्यात बसणारी पण नदीचे तितकेच नुकसान करणारी आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. आषाढात भिंतीला अडलेला मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो कोंडलेला असल्याने सहज सापडतो आणि म्हणूनच तेव्हा पोत्याने धरला जातो. रोहूच्या मादीत किलोमागे साधारण दोन लाख अंडी असतात. वर जाता आले नाही तरी ती खालच्या पुराच्या पाण्यात, उथळ काठाला अंडी टाकू शकते, पण त्यासाठी ती जिवंत राहायला हवी. मत्स्यबीज विकत आणून बोटुकली सोडण्यापेक्षा हे बीज फुकट आहे आणि ते तापीचे स्वतःचे आहे. तेव्हा पहिल्या पुराचे दोन महिने गळ आणि जाळे दोन्ही घरी ठेवावे. पोट फुगलेली मादी चुकून लागलीच, तर ओल्या हाताने गळ काढून तिला पाण्यात सोडावी. दिवाळीनंतर निवळ पाण्यात मासा पुष्कळ असतो, तेव्हा हवा तेवढा धरावा.