पोटातल्या सावलीचं नाव

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात एखाद्याच्या वरच्या पोटात अचानक जीवघेणी कळ उठते, आरपार पाठीत जाते, पुढं वाकून बसल्यावर जरा हलकी होते. घरात आधी पित्ताची गोळी दिली जाते. कळ थांबत नाही, तेव्हा गाडी इस्लामपूर, कऱ्हाड किंवा मिरजेच्या वाटेला लागते. रक्तातलं लायपेज हे पाचक एन्झाइम नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलेलं निघालं, की निदान होतं: ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस. अन्न पचवणारे रस आतड्यात पोचण्याआधी स्वादुपिंडातच जागे होतात आणि ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं.

खडे शोधायला सोनोग्राफी लगेच करतात. सीटीला मात्र घाई उपयोगाची नाही. पहिल्या दिवशीचा स्कॅन फसवा असतो. ग्रंथीचा किती भाग मेला हे साधारण ७२ तासांनंतरच नीट कळतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडतात. रक्त पोचतं तो भाग उजळतो, रक्तपुरवठा तुटलेला भाग काळपट राहतो. पोटाला सुरी न लावता जिवंत काय आणि मेलेलं काय, हे डोळ्यांना दिसतं! याचं आश्चर्य मला अजून ओसरलेलं नाही.

पण या ग्रंथीभोवती पाण्यासारखी सावली साचलेली दिसली, तर तिला म्हणायचं काय? १९९२ साली अमेरिकेत अटलांटा इथं तज्ज्ञांनी व्याख्या ठरवल्या होत्या. २००६ मध्ये डच संशोधकांनी त्यांची परीक्षा घेतली. ७० रुग्णांचे सीटी पाच रेडिओलॉजिस्टांना दाखवले. पाचही जणांनी एकच नाव दिलं, असं फक्त तीन वेळा घडलं. काही रुग्णांच्या बाबतीत तर एकाला जो 'स्युडोसिस्ट' वाटला, तो दुसऱ्याला पुवाचा गळू वाटला. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे नागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याला सांगायला नको. नाग की धामण, यावरच धावपळ ठरते.

२०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानं सगळा गुंता दोन प्रश्नांवर आणला. दुखणं सुरू होऊन चार आठवडे झाले का? साचलेलं नुसतं पाणी आहे, की त्यात मेलेले तुकडेही आहेत? नुसतं पाणी चार आठवड्यांनंतर भिंत धरून राहिलं, तर तो स्युडोसिस्ट. पुष्कळदा त्याला हातही लावावा लागत नाही. भिंतीआड मेलेले तुकडे असतील, तर ते वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस. बारीक नळीतून ते सहज वाहून येत नाहीत. सीटीत दोन्ही जवळपास सारखेच करडे दिसतात, म्हणून शंका आली की एमआरआय. 'गळू' हा शब्द या वर्गीकरणानं सरळ काढूनच टाकला.

भिंत पक्की होण्याआधी शस्त्रक्रिया केली तर धोका फार. म्हणून जंतुसंसर्ग झाला तरी, रुग्ण तग धरून असेल तर, डॉक्टर थांबायला बघतात. २०१० च्या डच चाचणीत काही रुग्णांना आधी नुसती नळी घालून पाहिली. त्यांतल्या ३५ टक्क्यांना मोठी शस्त्रक्रिया लागलीच नाही.

आणि चार आठवडे मोजायचे, ते स्कॅनच्या तारखेपासून नव्हे, पहिल्या कळेपासून. ती तारीख कुठलंही यंत्र सांगत नाही. ती विचारावी लागते सोबत आलेल्या बायकोला, भावाला, आणि मग रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहावी लागते.