संसदेची आरोग्य समिती : तिचे कार्य व तिची मर्यादा

एखादा प्रश्न लांबणीवर टाकावयाचा असेल तर त्यासाठी समिती नेमावी, असे उपहासाने म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा उपहास अगदीच निराधार नाही. पुष्कळ समित्या नेमल्या जातात, त्यांचे जाडजूड अहवाल प्रसिद्ध होतात आणि कपाटात धूळ खात पडतात. परंतु सर्व समित्या एकाच जातीच्या नसतात. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत दुर्लक्षाचे मोल माणसांच्या प्राणांनी द्यावे लागते. म्हणून ह्या विषयात कोणती समिती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

समित्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार तज्ज्ञांच्या समितीचा. नाशिक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेली समिती हे त्याचे नामांकित उदाहरण होय. तिचा अहवाल १९४६ साली बाहेर पडला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे चार हजार माणसांमागे रुग्णालयातील एक खाट, असे प्रमाण असल्याचे तिला आढळले. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व तिने मांडले. आणि आज खेडोपाडी दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही तिच्याच अहवालातून पुढे आली. कार्य मोठे खरे. पण अहवाल सादर झाला आणि समिती विसर्जित झाली. आपल्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे विचारावयास ती उरली नाही.

दुसरा प्रकार ह्याहून निराळा आहे. १९९३ साली भारताच्या संसदेने निरनिराळ्या खात्यांसाठी स्थायी समित्या स्थापन केल्या. आरोग्य व कुटुंबकल्याण समिती ही अशाच स्थायी समित्यांपैकी एक. तिचे सभासद एकतीस. त्यांपैकी एकवीस लोकसभेचे व दहा राज्यसभेचे. मंत्र्याला तिचे सभासद होता येत नाही, कारण ज्याला जाब विचारावयाचा त्यानेच विचारणाऱ्यांच्या पंक्तीत बसणे योग्य नव्हे. सभासदांची मुदत एक वर्षाची असते. परंतु समिती दरवर्षी पुन्हा बनते. माणसे बदलली तरी आधीच्या समितीने विचारलेला प्रश्न नव्या समितीच्या हाती राहतो. हेच तिचे खरे बळ.

तिचे काम चालते तरी कसे? सरकारचे अंदाजपत्रक मांडले गेल्यावर आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्या तिच्यापुढे येतात. गेल्या वर्षी किती रक्कम मंजूर झाली, तीतील किती खर्ची पडली आणि उरली ती का उरली, हे ती विचारते. आरोग्यविषयक विधेयके तिच्याकडे छाननीसाठी पाठविली जातात. ह्याशिवाय एखादा विषय ती आपण होऊन हाती घेते. खात्याच्या सचिवांस बोलावून त्यांची साक्ष घेते, डॉक्टरांचे व जाणत्या नागरिकांचे म्हणणे ऐकते, प्रत्यक्ष रुग्णालये पाहते. तिच्या बैठका बंद दाराआड होतात. ही गोष्ट प्रथम खटकते. पण पाहणारे प्रेक्षक व वृत्तपत्रांचे बातमीदार समोर नसल्यामुळे निरनिराळ्या पक्षांचे सभासद पक्षाची ढाल बाजूस ठेवून बोलू शकतात, हा त्यातला लाभ आहे. अहवाल मात्र गुप्त राहत नाही. तो संसदेत ठेवला गेला की कोणासही वाचता येतो.

ह्या समितीची तुलना जुन्या काळच्या शाळातपासनिसाशी करता येईल. तपासनीस स्वतः वर्ग चालवीत नसे. भिंत पडली असेल तर ती बांधून देणे त्याच्या हाती नसे. तो शेरेबुकात शेरा लिही व निघून जाई. परंतु पुढच्या वर्षी आला की प्रथम मागचे पान उघडून विचारी, ह्या शेऱ्यावर काय केले? समितीचेही तसेच आहे. अहवालानंतर तीन महिन्यांच्या आत खात्याने प्रत्येक शिफारशीवर उत्तर द्यावे, असा परिपाठ आहे. मग समिती त्या उत्तरांची वाटणी करते. मान्य झालेल्या शिफारशी एका बाजूस, खात्याचा खुलासा ऐकून सोडून दिलेल्या दुसऱ्या बाजूस, ज्यांवरील उत्तर पटले नाही अशा तिसऱ्या, आणि ज्यांचे अंतिम उत्तर अद्याप यावयाचे आहे अशा चौथ्या. ह्या वाटणीचा पुन्हा निराळा अहवाल निघतो.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. खात्याच्या रोजच्या कारभारात तिने हात घालावयाचा नाही. शिवाय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. साताऱ्याच्या किंवा चंद्रपूरच्या शासकीय रुग्णालयात परिचारिका कमी का, ह्याचा जबाब मुंबई-नागपूरच्या विधिमंडळात मागावयाचा, दिल्लीत नव्हे. मग हुकूम करता न येणाऱ्या ह्या समितीचा उपयोग काय? ह्याचे उत्तर दोन उदाहरणांवरून मिळेल.

पहिले उदाहरण औषधांचे. २०१२ च्या मे महिन्यात समितीने औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेविषयी आपला एकोणसाठावा अहवाल सादर केला. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० ह्या अवधीत ३१ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न होताच मंजूर झाली, असे त्यात नमूद आहे. समितीने नमुन्यादाखल ४२ औषधांची कागदपत्रे मागविली, तेव्हा त्यांतील तीन औषधांच्या फायलीच सापडल्या नाहीत. निरनिराळ्या गावच्या तज्ज्ञांनी एकाच औषधाविषयी पाठविलेली अभिप्रायाची पत्रे शब्दशः एकसारखी निघाली. एकाच प्रश्नपत्रिकेची दोन उत्तरे स्वल्पविरामासकट जुळली तर कोणताही शिक्षक जे अनुमान काढील, तेच समितीने काढले : पत्रे लिहिणारा हात निराळाच होता. परंतु ती केवळ दोष देऊन थांबली नाही. मुख्य कचेरीतील उपनियंत्रक व सहायक नियंत्रक मिळून अवघे नऊ अधिकारी सुमारे २०,००० अर्जांचा निकाल लावीत होते, हेही तिने दाखवून दिले. त्यानंतर खात्याला तज्ज्ञांची चौकशी नेमावी लागली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही औषधांच्या चाचण्यांत लक्ष घातले, आणि २०१९ साली नवी औषधे व चाचण्या ह्यांविषयीचे स्वतंत्र नियम अमलात आले. हे सर्व श्रेय एकट्या समितीचे नव्हे; परंतु बंद कपाटातील फायली उघड्यावर आणण्याचे काम तिने केले, हे निर्विवाद आहे.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. कोरोनाची पहिली लाट ओसरत असता, नोव्हेंबर २०२० मध्ये, समितीचा एकशे तेविसावा अहवाल निघाला. सरकारी रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत व खासगी रुग्णालयांनी अवाच्या सवा आकार घेतला, हे तिने नोंदविले. त्याच अहवालात प्राणवायूच्या किमतीवर मर्यादा घालावी आणि रुग्णालयांची मागणी पुरी होईल इतके त्याचे उत्पादन व्हावे, अशी शिफारस होती. खात्याने उत्तर दिले. प्राणवायूच्या बाबतीत देश स्वयंपूर्ण असल्याचा भरवसा त्यात होता.

पाचच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट आली. पहिल्या लाटेत प्राणवायूची दिवसाची कमाल मागणी सुमारे ३,००० टन होती. ती आता ९,००० टनांच्या जवळ गेली. प्राणवायूचे मोठे उत्पादन पूर्वेकडील पोलादाच्या कारखान्यांत, आणि मागणी मात्र दिल्ली-महाराष्ट्रात. द्रवरूप प्राणवायू वाहून नेण्यास अतिशीत टाक्यांच्या खास गाड्या लागतात, आणि त्या थोड्या होत्या. अखेर कळंबोलीहून रिकाम्या टाक्या आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडाव्या लागल्या. त्या भरून नागपूर व नाशिकला पोहोचेपर्यंत चार-पाच दिवस गेले. गुदमरणाऱ्या रोग्याजवळ चार-पाच दिवस नसतात, चार-पाच मिनिटे असतात.

त्या वर्षीच्या जुलैत संसदेत प्रश्न निघाला, तेव्हा प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याची नेमकी नोंद राज्यांनी केंद्राकडे पाठविली नाही, असे उत्तर मिळाले. येथे समितीने मागचे पान उघडले. सप्टेंबर २०२२ च्या एकशे सदतिसाव्या अहवालात तिने आपल्या आधीच्या इशाऱ्याचे स्मरण दिले, खात्याचा भरवसा पोकळ ठरल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले, आणि राज्यांच्या सहकार्याने अशा मृत्यूंची तपासणी करून त्या कुटुंबांस भरपाई द्यावी, अशी मागणी केली.

ह्या अहवालाने गेलेली माणसे परत आली नाहीत. तथापि त्याने एक गोष्ट साधली. इशारा दिला होता, उत्तर मिळाले होते आणि उत्तर खोटे ठरले, ह्या तिन्ही गोष्टी तारखांसह एका ठिकाणी लिहिल्या गेल्या. आता कोणासही असे म्हणता येणार नाही की, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पैशाच्या बाबतीत हीच रीत दिसते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने असे ठरविले होते की, २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के व्हावा. २०२० साली समितीने बजावले की, इतके थांबणे परवडणारे नाही. दोन वर्षांत हे साधावे. ते साधले नाही. २०१३-१४ साली १.१५ टक्के असलेला हा खर्च २०२१-२२ साली १.८४ टक्क्यांवर आला. त्याच काळात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर उतरला. सुधारणा आहे, हे कबूल केले पाहिजे. पण जे उरले आहे तेही लहान नव्हे. घरात एक मोठे दुखणे आले म्हणजे दागिने मोडावे लागतात किंवा मुलीचे शिक्षण थांबते, हे त्या ३९ टक्क्यांचेच घरगुती रूप आहे.

शेरा लिहिणारा आपले काम करतो. परंतु शेरेबुक कोणी वाचतच नसेल तर शेऱ्याचा धाक राहत नाही. समितीचे अहवाल हिंदीत व इंग्रजीत प्रसिद्ध होतात. संपूर्ण अहवाल वाचण्याइतकी सवड प्रत्येकास नसेल. परंतु शिफारशींवर खात्याने काय केले, हे सांगणारा जो दुसरा अहवाल असतो, त्यातील न पटलेल्या उत्तरांचे प्रकरण तेवढे पाहावे. ते सहसा मोठे नसते. आपल्या भागातील खासदार मते मागावयास येतील तेव्हा त्यातील एखादाच प्रश्न त्यांना विचारावा. रुग्णालयाचा प्रश्न असेल तर आमदारांना विचारावा. समितीला हुकूम करता येत नाही, नागरिकालाही येत नाही. परंतु दोघांनी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला, तर खात्याला त्याचे उत्तर फार काळ टाळता येत नाही.