जपानी शब्दातला माणूस

मागावर उभे धागे हजारोंनी ताणलेले असतात. त्यातला एक तुटला आणि माग तसाच धावत राहिला, तर कापड बिघडत जातं. म्हणून पूर्वी कामगार मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभा असे. जपानच्या साकिची टोयोडांनी 1924 साली आपल्या स्वयंचलित मागावर हा पहारा धातूच्या चिमुकल्या पट्ट्यांकडे सोपवला. धागा ताठ असेतोवर पट्टी त्याच्या आधाराने वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग थांबतो. वर किंवा खाली, हो किंवा नाही! आज कारखान्यातले अनेक सेन्सर संगणकाला याच दोन शब्दांत निरोप देतात. तेव्हा तर संगणक जन्मालाही यायचा होता.

आता एकच कामगार तीसेक माग सांभाळू लागला. नजर ठेवण्याचं काम गेलं. धागा का तुटला, हे शोधण्याचं काम आलं.

चूक होताच यंत्राने आपोआप थांबण्याच्या या पद्धतीला टोयोडांच्या वारशातून उभ्या राहिलेल्या टोयोटा कंपनीत 'जिदोका' म्हणतात. स्वयंचलनासाठी जपानीत जो शब्द आहे, त्याचा उच्चार हाच. पण टोयोटाने लिहिताना त्यातल्या एका अक्षराला 'माणूस' हे चिन्ह जोडलं. उच्चार तोच, अर्थ मात्र किती बदलला: माणसाची अक्कल असलेलं यंत्र!

पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत हीच अक्कल दोरीच्या रूपाने आली. चूक दिसली की कोणीही कामगार डोक्यावरची दोरी ओढतो, फलकावर दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर अख्खी लाइन थांबते. अलीकडे काही ठिकाणी दोरी जाऊन बटण आलं. थांबवण्याचा अधिकार कामगाराकडेच राहिला.

मित्सुरु कावाई हे टोयोटाच्या प्रशिक्षण शाळेतून कारखान्यात आले आणि 2017 मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले. रोबोंच्या या युगात त्यांनी काही कामं मुद्दाम पुन्हा हातांकडे दिली. कामगार तापलेलं लोखंड ठोकून क्रँकशाफ्ट घडवू लागले. हाताला जे उमगलं, ते मग यंत्राला शिकवलं गेलं आणि वाया जाणारा माल घटला.

यंत्र आपणहून सुधारत नाही. त्याला काल जमलं त्याहून चांगलं काय, हे ज्याच्या हाताला कळतं तोच त्याला पुढे नेतो. म्हणून कारखान्यात नवं यंत्र येईल, तेव्हा पहिलं शिक्षण कामगाराला मिळायला हवं.