परक्या अंगरख्यातला विषाणू

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. विषाणूंच्या जगातही असा एक ऐतखाऊ आहे. त्याचे नाव डेल्टा, म्हणजेच हिपॅटायटिस डी विषाणू.

१९७७ साली इटलीतील तुरिन येथे डॉ. मारिओ रिझेट्टो यांना ‘ब’ कावीळ झालेल्या काही रुग्णांच्या यकृतपेशींत एक अनोळखी प्रथिन आढळले. ते ‘ब’ विषाणूचेच असावे, असे आधी वाटले. पुढे चिंपांझींवरील प्रयोगांतून कळले, की हा विषाणूच वेगळा आहे. मात्र ‘ब’ सोबत असेल तरच तो फैलावतो.

असे का? डेल्टाची सारी पुंजी म्हणजे सुमारे १७०० घटकांचे आरएनएचे एक कडे. बाहेरचे आवरण बनविण्याची कृती त्याच्यापाशी नाही. ते तो ‘ब’कडून उसने घेतो आणि तेच पांघरून पुढच्या पेशीत शिरतो. ही जोडी जमली, की यकृताची हानी एकट्या ‘ब’पेक्षा झपाट्याने होते.

मग ‘ब’वर औषध दिले, की डेल्टाही आटोपेल ना? दुर्दैवाने नाही. टेनोफोव्हिरसारखी औषधे ‘ब’चे विकर अडवितात, त्यामुळे त्याच्या डीएनएच्या नव्या प्रती निघत नाहीत. परंतु पेशीकेंद्रात आधीच ठाण मांडलेला ‘ब’चा डीएनए आवरणाचे प्रथिन घडवीतच राहतो. डेल्टाला तेवढेच हवे असते! स्वतःच्या प्रती काढण्यासाठी तो आपल्याच पेशीचे विकर वापरतो. ते अडवावे, तर पेशीचेच काम थांबेल.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच दिसले. ‘ब’वरील ॲडेफोव्हिर हे औषध एकटेच दिलेल्या एकाही रुग्णाच्या रक्तातून डेल्टा नाहीसा झाला नाही. इंटरफेरॉन दिलेल्यांत मात्र, उपचारानंतर २४ आठवड्यांनी तपासले असता, शेकडा सुमारे २८ जणांच्या रक्तात तो सापडला नाही.

२०१२ साली आणखी एक गोष्ट उलगडली. पित्तक्षार आत घेणारे यकृतपेशीवरील एक प्रथिन हेच या दोन्ही विषाणूंचे प्रवेशद्वार आहे. हे दार अडविणारे बुलेव्हिर्टाइड हे औषध २०२० साली युरोपात मान्य झाले. ४८ आठवड्यांच्या चाचणीत रोज २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत विषाणू पुष्कळ घटला आणि यकृताचा दाहही उतरला. त्या काळात औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. फरक मोठा आहे. पण निम्म्याहून अधिक रुग्णांना एवढा गुण आला नाही, हेही विसरू नका.

म्हणून खरा भर प्रतिबंधावर. ‘ब’ची लस त्याच आवरणाच्या प्रथिनापासून बनते. म्हणजे लस घेतलेल्याच्या शरीराला तो अंगरखा ओळखू येतो, मग आत ‘ब’ असो की डेल्टा! भारतात तिची पहिली मात्रा बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. ज्यांना ‘ब’ची बाधा आधीच झाली आहे, त्यांना मात्र ही लस उपयोगी पडत नाही. त्यांच्या रक्तात डेल्टा आहे का, हे तपासून पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.