गुडघे थकलेत आणि हृदय तपासायचंय?

जिना चढताना छातीत भरून येतं म्हणून डॉक्टर हृदयाची तपासणी सांगतात. फिरत्या पट्ट्यावर भराभर चालायचं आणि त्या वेळी हृदयाला रक्त नीट पोचतं का ते पाहायचं, अशी ही पद्धत. पण आपल्यापैकी कितीजणींचे गुडघे त्या पट्ट्यावर टिकतील? मग चालण्याऐवजी शिरेतून औषध देतात, पुष्कळदा अ‍ॅडेनोसीन. त्याने हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या रुंदावतात. अरुंद झालेलीला तितकं रुंदावता येत नाही, आणि तिच्या वाट्याचा भाग चित्रात फिका दिसतो.

औषध चालू असताना चेहरा तापतो, धाप लागते, छाती जड होते. घाबरू नका. ते थांबवलं की बहुधा एक-दोन मिनिटांत सारं ओसरतं.

आता चहा! तपासणीआधी निदान १२ तास, बऱ्याच ठिकाणी २४ तास, चहा-कॉफी वर्ज्य. त्यातलं कॅफीन या औषधाला अडवतं आणि दोष असूनही चित्र चांगलं येऊ शकतं. "अर्धाच कप घेतला हो," तर तोही सांगून टाका. कोला, चॉकलेट, डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असतं. दमा असल्यास आधीच सांगा, कारण या औषधाने श्वासनलिका आवळू शकतात. दम्याच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅडेनोसीन आणि त्याच कामाचं रेगाडेनोसॉन यांबद्दल इशारा दिला. क्वचितच, पण या औषधांनी हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यूही ओढवू शकतो. बसल्याजागी छातीत दुखतंय, दुखणं अलीकडे वाढलंय, अशांना ती देऊ नयेत.

आणि आपण काय करतो? रात्री छातीत कळ आली की ओवा चावतो, "पित्तच असेल" म्हणतो, घरात कुणाला उठवत नाही. सकाळी तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांनी विचारलं तर "बरंय" सांगतो. ह्यांनी रजा काढलेली, पैसे भरलेले, आता कसं परतायचं! अहो, तारीख पुढे ढकलता येते. रात्रीची कळ टेबलावर चढण्याआधी सांगाच. खरं तर अशी कळ आली की तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट न लाजता विचारा: तपासणीच्या वेळी डॉक्टर हजर असतील ना, आणि हृदय थांबलं तर लागणारी उपकरणं खोलीतच आहेत ना?