स्मार्टफोनची सडपातळता आणि उपयुक्तता : एक विवेचन

बीजसंज्ञा : स्मार्टफोन, जाडी, बॅटरी, ताठरता, दुरुस्ती

प्रस्तावना :
२००३ साली बाजारात आलेला नोकिया ११०० हा भ्रमणध्वनी २० मिलिमीटर जाड होता. २००७ च्या पहिल्या आयफोनची जाडी ११.६ मिलिमीटर होती, तर सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आयफोन एअरची जाडी अवघी ५.६ मिलिमीटर आहे. ही घट तांत्रिक प्रगतीची द्योतक आहे, यात शंका नाही. परंतु अभियांत्रिकीत प्रत्येक लाभाची किंमत कुठेतरी मोजावी लागते. सडपातळतेची किंमत कोणती आणि ती कोण मोजतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) बॅटरीचे गणित :
तुलनेसाठी एकाच कंपनीचे व एकाच वर्षातील दोन फोन घेणे सोयीचे ठरेल. सॅमसंगच्या गॅलक्सी एस २५ प्लस व एस २५ एज (२०२५) या दोहोंचा पडदा ६.७ इंचांचा आहे. पहिल्याची जाडी ७.३ मिलिमीटर व बॅटरी ४९०० मिलिअँपिअर-तासांची, तर दुसऱ्याची अनुक्रमे ५.८ मिलिमीटर व ३९०० मिलिअँपिअर-तासांची आहे. म्हणजेच जाडी आणि बॅटरीची क्षमता या दोन्ही गोष्टी सुमारे २० टक्क्यांनी घटल्या.

हा परिणाम एका दिवसापुरता मर्यादित नसतो. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य भरण-चक्रांत मोजतात. पूर्ण क्षमतेइतकी ऊर्जा एकदा वापरली की एक चक्र पूर्ण होते. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ८०० चक्रांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता शिल्लक राहणे आवश्यक आहे. समजा, एखाद्याचा रोजचा वापर ४९०० मिलिअँपिअर-तासांचा आहे. त्याच्या जाड फोनमध्ये ही ८०० चक्रे ८०० दिवसांत पूर्ण होतील. सडपातळ फोनमध्ये मात्र सुमारे ६३७ दिवसांतच. लहान बॅटरी लवकर संपते, एवढेच नव्हे, तर ती लवकर वृद्धही होते.

२) ताठरता :
सपाट पट्टीची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ७.३ ऐवजी ५.८ मिलिमीटर जाडीची तशीच पट्टी घेतली, तर तिची ताठरता जवळजवळ निम्मी होते. फोन ही भरीव पट्टी नसली तरी तत्त्व तेच लागू पडते. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पुढील वर्षीच्या ६ एस मालिकेत अधिक मजबूत ७००० श्रेणीचे ॲल्युमिनियम वापरण्यात आले. एस २५ एज व आयफोन एअर यांच्या चौकटी टायटॅनियमच्या आहेत. म्हणजेच जाडीतून गेलेले बळ महाग धातूने भरून काढावे लागते.

३) कॅमेरा :
प्रकाशाचे नियम बाजारपेठेच्या रुचीनुसार बदलत नाहीत. भिंग आणि संवेदक यांच्यात ठरावीक अंतर लागतेच. म्हणून कॅमेरा पाठीवर उंचवट्याच्या रूपाने बाहेर येतो. जाहिरातीतील जाडीचा आकडा हा उंचवटा वगळून दिलेला असतो. आयफोन एअरला मागील बाजूस एकच कॅमेरा आहे, तर एस २५ प्लसमधील दूरचित्रणाचा कॅमेरा एस २५ एजमध्ये नाही.

४) दुरुस्ती :
नोकिया ११०० ची बॅटरी कोणीही नखाने झाकण उघडून बदलू शकत असे. काढता येणाऱ्या बॅटरीला स्वतःचे कठीण कवच लागते, शिवाय फोनला वेगळे झाकण लागते. ही जागा वाचवण्यासाठी बॅटरी आतच चिकटवली जाते. परिणामी ती बदलणे हे कारागिराचे काम झाले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले, ते याच व्यापक प्रश्नाच्या संदर्भात होय.

५) सडपातळतेची दुसरी बाजू :
सडपातळता सर्वस्वी निरर्थक आहे, असे म्हणता येणार नाही. एस २५ प्लसचे वजन १९० ग्रॅम, तर एजचे १६३ ग्रॅम आहे. दीर्घकाळ फोन हाती धरणाऱ्यास हा फरक निश्चित जाणवतो. घडीच्या फोनमध्ये तर ती गरजच ठरते. गॅलक्सी झेड फोल्ड ७ (२०२५) उघडल्यावर ४.२ मिलिमीटर असतो, म्हणूनच घडी केल्यावर तो ८.९ मिलिमीटरमध्ये मावतो. साध्या फोनच्या बाबतीत मात्र जाडीत वाचवलेला दीड मिलिमीटर संरक्षक कव्हर घालताच बव्हंशी भरून निघतो.

समारोप :
सडपातळतेचा लाभ दुकानात क्षणार्धात प्रत्ययास येतो; तिची किंमत मात्र पुढील दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते. ज्या विद्यार्थ्याचा फोन हाच त्याचा संगणक, ग्रंथालय आणि परीक्षेचा अर्ज भरण्याचे साधन आहे, त्याला ही किंमत सर्वाधिक जड जाते. तेव्हा फोन निवडताना किंवा विद्यार्थ्यांना सल्ला देताना जाडीच्या आकड्याआधी बॅटरीची क्षमता, ती बदलण्याचा खर्च आणि दुरुस्तीची सोय या तीन बाबी पाहणे अधिक श्रेयस्कर ठरेल.